तुंगाची पांढरी काच

तुंगाला मी ती आठवीत असल्यापासून ओळखते. माझ्या विज्ञानाच्या तासाला ती दुसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसायची आणि प्रयोग फसला की सगळ्यांच्या आधी तिचा चेहरा पडायचा, प्रयोग दुसऱ्या कुणाचा असला तरी. पुढे आम्ही म्हैसूरच्या एकाच गल्लीत राहायला आलो. तिचे वडील ती कॉलेजात जायच्या आधीच गेले. घरात ती आणि तिची आई गिरिजाबाई, दोघीच. बेंगळूरला राहणारे संकर्षणकाका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, महिन्यातून एकदा येत. तुंगाला पदार्थविज्ञान घ्यायला लावलं ते त्यांनीच.

एम. एस्सी. झाल्यावर म्हैसूरच्याच एका कॉलेजात, नागराज सरांच्या हाताखाली, ती पीएच. डी. करू लागली. विषय काचेचा. साधी खिडकीची काच नव्हे. बोरिक आम्ल आणि आणखी दोनतीन प्रकारची पांढरी पूड मिसळून वितळवलेली, आणि तिच्यात चिमूटभर दुर्मीळ मृदा मूलद्रव्य घातलेली. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिला विचारलं, "दुर्मीळ म्हणजे मिळतच नाही का गं?"

"मिळतं, टीचर. पण मातीत इतकं पसरलेलं असतं की वेगळं काढता काढता जीव जातो. आम्हाला बाटलीत येतं. मी सुम्मने, अगदी सहज, चमच्याने घेते."

तिच्या बाटलीतल्या मूलद्रव्याचं नाव डिस्प्रोसियम. ते काचेत असलं आणि वरून डोळ्याला न दिसणारा जांभळ्यापलीकडचा प्रकाश पाडला, की काच दोन रंगांत उजळते, निळ्या आणि पिवळ्या. दोन्ही रंग योग्य प्रमाणात आले की पाहणाऱ्याला उजेड पांढरा वाटतो. आजच्या एलईडी दिव्यांत वरून जी पिवळी पूड बसवतात ती डिंकासारख्या रेझिनमध्ये असते. उष्णतेने रेझिन पिवळं पडतं आणि दिवा म्हातारा होतो. काच अशी पिवळी पडत नाही. म्हणून जगभर लोक अशा काचा करून पाहतात, पांढऱ्या दिव्यासाठी आणि लेझरसाठीही. तुंगाच्या काचेची अडचण एकच होती. तिच्यात तांबडा रंग जवळजवळ नव्हता. "त्या उजेडात माणूस आजारी दिसतं," ती म्हणायची.

तिच्या प्रयोगशाळेत एक नियम होता आणि तो तिनेच आणलेला होता. गिरिजाबाईंच्या स्वयंपाकघरात भाताचं भांडं म्हणजे मुसुरे, कानडीत खरकटं. मुसुऱ्याचा हात दुधाला, लोणच्याला लागायचा नाही, आधी धुवायचा. तुंगाने हे सगळं जसंच्या तसं भट्टीजवळ नेलं. काच ज्या वाटीत वितळवतात तिला मूस म्हणतात. यांच्या मुशी चिनीमातीच्या, पांढऱ्या, एकीसारखी दुसरी. काच ओतली तरी आत थोडी झिलई चिकटून राहतेच. म्हणून एका मूलद्रव्याची मूस दुसऱ्याला वापरायची नाही. डिस्प्रोसियमची वेगळी, युरोपियमची वेगळी, निओडिमियमची वेगळी. मुशीच्या बुडाला काही लिहिलं तरी भट्टीत ते जळून जाई, त्यामुळे मुशीची ओळख फळीवरच्या जागेवरून. प्रत्येक जागेला चिठ्ठी.

तिच्याबरोबर काम करणारी हरिणी तिची भारी चेष्टा करायची. "पाय धुऊन आत या हं, हा तुंगाअज्जींचा मडी विभाग आहे," असं नव्या मुलामुलींना सांगायची. मडी म्हणजे सोवळं. पण नियम हरिणीही पाळायची. दोघी एकाच डब्यातून जेवत आणि एकीची काच दुसरी घासून देई. हरिणीचं काम लेझरचं. तुंगा काच करी, हरिणी तिच्यातून पिवळा लेझर निघेल का ते मोजी.

संकर्षणकाका वारले ते दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात. हृदयविकाराने, बसल्या जागी. तुंगा बेंगळूरला जाऊन आली. सुतक चालू असतानाच आयुधपूजा, म्हणजे खंडेनवमी, आली.

आमच्या गावात आयुधपूजेला काय असतं ते बाहेरच्यांना सांगून खरं वाटत नाही. बस, रिक्षा, शिवणयंत्र, शाळेतली घंटा, सगळं घासूनपुसून त्याला गंध, कुंकू, शेवंतीची माळ. तुंगाच्या प्रयोगशाळेतही भट्टीला माळ घालत. फळीवरच्या मुशी खाली काढून, धुऊन, भट्टीसमोर ओळीने मांडत आणि प्रत्येकीला कुंकवाचं बोट लावत. इतर वर्षी मांडायला आणि परत ठेवायला तुंगाच असे.

त्या दिवशी ती कॉलेजात गेली, कारण आदल्या दिवशीची एक काच हळू निववायच्या छोट्या भट्टीत होती. सुतकात कामाला जायला हरकत नसते. पूजेला शिवायचं नसतं. पूजा चालू होती तेव्हा ती दारातच थांबली. पूजा झाल्यावर हरिणी मुशी परत फळीवर ठेवू लागली आणि दाराकडे पाहून म्हणाली, "तुझी कुठली, अज्जी? सगळ्या सारख्याच दिसतायत."

तुंगाच्या मुशीच्या काठाला एक तांबूस डाग होता. कधीतरी चिमट्याच्या गंजाने पडलेला. तिने दारातूनच बोट दाखवलं. "ती, डावीकडून दुसरी. काठाला डाग आहे बघ."

हरिणीने ती उचलून डिस्प्रोसियमच्या जागेवर ठेवली, बाकीच्या उरलेल्या जागांवर. पेढा खाल्ला आणि दोघी घरी गेल्या.

सुतक फिटल्यावर तुंगाने पहिली काच केली ती त्या मुशीत. काठावर डाग नव्हता. पूजेनंतर पुन्हा घासताना गेला असेल, असं तिला वाटलं. काचेतलं प्रमाण या वेळी तिने थोडं बदललं होतं. भट्टीतून मूस काढली, गरम पितळी पाट्यावर रस ओतला, वरून दुसरा पाटा दाबला. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, पाण्यासारखी चकती झाली. दोन दिवसांनी ती घेऊन तुंगा माझ्याकडे आली. बरोबर गिरिजाबाई.

तिने खिडक्या लावून घेतल्या आणि छोट्या टॉर्चने काचेवर तो न दिसणारा प्रकाश पाडला. काच उजळली. तो उजेड तिने गिरिजाबाईंच्या हातावर धरला. आधीच्या काचांचा उजेड मी पाहिलेला होता. त्यात हात मेणाचा दिसे. या वेळी हात हातासारखा दिसला. शिरा, हळदीने पिवळी झालेली नखं, बांगड्यांचा हिरवा रंग, सगळं जागच्या जागी.

"हे कसं केलंस गं?" मी विचारलं.

"प्रमाण बदललं, टीचर. इतकी वर्षं मी एका बाजूनेच ढकलत होते."

गिरिजाबाई हात उलटसुलट करून पाहत राहिल्या. "संकर्षणाने बघायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या.

त्याच मुशीत तिने दुसरी काच केली. ती जवळपास तशीच आली, तांबडा किंचित कमी. नागराज सर म्हणाले, आकडे पहिलीचे द्या. पहिल्या चकतीचे दोन तुकडे केले. अर्धा तुंगाने दिव्यासाठी मोजला, अर्धा हरिणीने लेझरसाठी. एका चांगल्या मासिकात लेख छापून आला. तुंगा, हरिणी आणि सर अशी तीन नावं. त्या लेखावर हरिणीला हुणसूर रस्त्यावरच्या एका कॉलेजात नोकरी लागली. तुंगाच्या प्रबंधात तेच शेवटचं प्रकरण होतं. आधीच्या प्रकरणांतल्या काचा बऱ्या होत्या, पण तशा काचा इतरांनीही केल्या होत्या. प्रबंध उभा होता तो या एका काचेवर. नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झालेली, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती, आणि सर जूनमध्ये निवृत्त होणार होते.

प्रबंध बांधायला देण्याआधी परीक्षकांना दाखवायला आणखी चारपाच चकत्या हव्या होत्या. ती जुनी मूस आता चिरेल अशी भीती वाटून तुंगाने नवी कोरी काढली. प्रमाण तेच, तापमान तेच. काच आली ती जुन्यासारखी, मेणाच्या हाताची. तिला वाटलं, वजनात चूक झाली. पुन्हा केली. पुन्हा तेच. नव्या मुशीची भिंत थोडी विरघळून काचेत उतरते हे तिला माहीत होतं, ते थांबावं म्हणून तिने तीच मूस पुन्हा पुन्हा वापरून पाहिली. काही फरक नाही. शेवटी घाबरत जुन्या मुशीत केली. काच पांढरी उजळली. आता तांबडा आणखी थोडा फिका, पण होता.

हे सगळं तिने मला ती काच हातात घेऊनच सांगितलं. ती हसत नव्हती.

"टीचर, काच मी केलेली नाही. मुशीने केलीय."

"म्हणजे?"

"मुशीत काहीतरी आहे. मी टाकलेलं नाही ते."

छापलेल्या लेखातल्या आलेखात निळ्याचं एक शिखर होतं, पिवळ्याचं एक, आणि तांबड्याच्या जागी एक बारीक टोक. ते टोक तिने तेव्हाही पाहिलं होतं. डिस्प्रोसियमचाही थोडा तांबडा असतोच, म्हणून ते त्याच्या नावावर लिहून मोकळी झाली होती. पण डिस्प्रोसियमचं टोक त्या जागी नसतं आणि इतकं टोकदारही नसतं. तसं टोक असतं युरोपियमचं.

युरोपियमवर काम करणारा मुलगा केव्हाच प्रबंध देऊन निघून गेला होता. पूजा सोडली तर त्याच्या मुशीला नंतर कुणी हात लावलेला नव्हता. तुंगाने दुसऱ्या दिवशी फळीवरून ती उतरवली. तिच्या काठाला तांबूस डाग होता.

ही तिची स्वतःची मूस होती. आयुधपूजेला दारातून तिने पाहिला होता तो डाग नव्हताच. ओलं कुंकू काठावर ओघळलं होतं. तिने बोट दाखवलं होतं ते युरोपियमच्या मुशीकडे. निओडिमियमची असती तर आतली झिलई जांभळट दिसली असती. युरोपियमची काच पाण्यासारखी असते, डिस्प्रोसियमचीही तशीच. आत वाकून पाहूनही कळलं नसतं.

तरी तिने शेवटची खात्री करून घ्यायची ठरवली. जिच्यात पांढरी काच झाली होती त्या मुशीत तिने नुसती पांढरी पूड वितळवली, कुठलंही मूलद्रव्य न घालता. अशी काच त्या टॉर्चखाली काळी राहायला हवी. तिने मला सांगितलं, टॉर्च लावायच्या आधी ती देवाचं नाव घेत होती, आणि काच काळी राहू दे म्हणत होती. काळी राहिली असती तर निदान कारण दुसरीकडे शोधता आलं असतं.

काच तांबडी उजळली. मंद, विझत आलेल्या निखाऱ्यासारखी.

डिस्प्रोसियम आणि युरोपियम एकत्र घालून पांढरा उजेड मिळतो हे काही नवीन नाही. कितीतरी जणांनी केलंय. म्हणजे चुकून का होईना नवं काही सापडलं, असंही म्हणता येत नव्हतं.

ती नागराज सरांकडे गेली. सर भला माणूस. आपल्या मुलांना कधी आवाज चढवून बोलले नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला.

"तुंगा, पांढरं ते पांढरंच आहे ना, अम्मा?" ते कानडीत म्हणाले. आमच्याकडे मुलीलाही मायेने अम्मा म्हणतात. "काच खरी आहे. आकडे आपण बनवलेले नाहीत. जे दिसलं ते मोजलं."

"पण त्यात काय आहे ते खोटं लिहिलंय, सर."

"कोण पुन्हा ओतून बघणार आहे? लोक वाचतात, संदर्भात नाव घालतात, पुढे जातात."

"मी ओतून बघितली, सर."

सरांनी चष्मा परत डोळ्यावर चढवला. मग म्हणाले, "मला तीन महिने राहिलेत. तू लहान मूल नाहीस. लेख मागे घेतलास तर या मुदतीत प्रबंध होणार नाही. मी गेल्यावर तुला घेणारं कुणी दिसत नाही मला. हे मी तुला भीती घालायला सांगत नाहीये."

"माहीत आहे, सर."

"हरिणीला विचारलंस?"

हरिणीला तिने विचारलं. हरिणीच्या कॉलेजाजवळच्या दर्शिनी हॉटेलात, उभ्याने कॉफी पिताना. हरिणीला अजून कायम केलेलं नव्हतं आणि तिच्या नोकरीच्या कागदांत सगळ्यात वर तोच लेख होता.

"तूच बोट दाखवलंस," हरिणी म्हणाली. "मी विचारलं होतं तुला. बोट तू दाखवलंस."

"हो. मीच दाखवलं."

"दोन पावलं आत आली असतीस तर काय काका परत मेले असते?"

 हरिणीचे डोळे भरून आले होते. कप ठेवत ती म्हणाली, "बिडु, सोड, तू करणारच आहेस. तुझं तोंड सांगतंय. कर. पण करशील त्या दिवशी मला फोन करू नकोस. मला मासिकाकडूनच कळू दे."

राहिल्या गिरिजाबाई. त्यांना काचेतलं काही कळत नाही, पण मुसुरे कळतं. तुंगा सांगत होती तेव्हा मी तिथेच होते, शेंगा सोलत.

"म्हणजे दुसऱ्याचं खरकटं आपल्या भांड्यात आलं," गिरिजाबाई म्हणाल्या.

"हो, अम्मा."

"आणि ते तू वाढलंस लोकांना."

"हो."

"मग सांगायला नको का त्यांना?" हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की तुंगा त्यांच्याकडे पाहत राहिली. मग गिरिजाबाईंच्या लक्षात आलं. हातातली शेंग तशीच धरून त्या म्हणाल्या, "सांगितलंस तर तुझी डॉक्टरकी जाणार काय गं?"

"जाणार."

"आणि न सांगितलं तर?"

"मिळणार."

गिरिजाबाईंनी शेंग सोलली, दाणे ताटात टाकले. मग म्हणाल्या, "मीच सुतकाचं बजावून सांगितलं होतं तुला. त्या दिवशी निघताना. मी म्हटलं नसतं तर तू आत गेली असतीस."

"तू म्हटलं नसतंस तरी नसते गेले, अम्मा. काकाचं सुतक होतं."

त्या रात्री दोघी जेवल्या की नाही मला माहीत नाही.

तुंगाने मासिकाला लिहिलं. नागराज सरांनी संमती दिली, दोन ओळींची, आणि सही करताना तिच्याकडे पाहिलं नाही. हरिणीनेही दिली, उशिरा. मासिकाचं म्हणणं असं, की सविस्तर खुलासा छापायला जागा नसते. त्यांनी त्यांची नेहमीची ओळ छापली. लेखकांच्या विनंतीवरून हा लेख मागे घेण्यात येत आहे, निष्कर्ष विश्वसनीय नाहीत. खाली तीन नावं. आकडे रचून पकडले गेलेल्या लोकांच्या लेखाखालीही हीच ओळ असते, तुंगाने मला दाखवलं. अक्षर न् अक्षर तेच.

जूनमध्ये सर निवृत्त झाले. विभागात दुसऱ्या कुणी तिला घेतलं नाही. कुणी वाईट बोललं असं नाही. एकाकडे जागा नव्हती, एकीचा विषय वेगळा होता. मुदत संपली. हरिणीला कायम केलं नाही. ती आता नवऱ्याबरोबर हासनला असते. तुंगाने तिला दोनदा पत्र लिहिलं. फोन करू नको म्हणाली होती, म्हणून पत्र.

गेल्या वर्षी नंजनगूडच्या एका कॉलेजात तुंगाची मुलाखत होती. एम. एस्सी. वर शिकवता येतं तिथे. गिरिजाबाईंनी सोबत म्हणून मला पाठवलं. मी बाहेर बाकावर बसले होते आणि दार नीट लागत नव्हतं, म्हणून ऐकू आलं.

"इथे एक लेख मागे घेतलाय असं दिसतं," एक आवाज म्हणाला. "काय झालं होतं?"

तुंगाने सांगितलं. मूस, झिलई, युरोपियम. आयुधपूजेचंही सांगितलं, दारात उभी राहिल्याचंही. कुणीतरी हसलं, वाईट हेतूने नव्हे. गोष्ट तशी हसण्यासारखीच आहे.

"आणि हे पकडलं कुणी?"

"मीच, सर."

कुणीतरी कागद उलटला. मग तोच आवाज, जरा मऊ होऊन, "असं बहुतेक सगळेच सांगतात, अम्मा."

"माझ्या गाइडना विचारा, सर. नंबर देते."

"बघू, बघू. आणखी काही विचारायचंय का कुणाला?"

परतताना बसमध्ये ती खिडकीशी बसली. वाटेत कडकोळ गाव आलं. मग म्हणाली, "त्यांचं चुकलं नाही, टीचर. त्या ओळीवरून त्यांना दुसरं काय कळणार?"

"तू आयुधपूजेचं कशाला सांगितलंस गं?"

"त्यांनी काय झालं ते विचारलं."

ती नोकरी तिला मिळाली नाही. सध्या ती म्हैसूरच्याच हेब्बाळ भागात एका दिव्यांच्या कारखान्यात आहे. तयार दिव्यांचा पांढरा रंग ठरल्याप्रमाणे आहे की नाही ते यंत्रावर पाहून खोके वेगळे करायचे. काच तिथे करत नाहीत, बाहेरून येते. कंपनीच्या बसने सकाळी जाते, संध्याकाळी येते. हाताला भट्टीचे चटके बसायचे ते आता नाहीत. चाळिशीला टेकली आहे. हल्ली माझ्याकडे येते ती भाजी निवडून देते आणि जाते. प्रयोगाचं बोलत नाही, मीही काढत नाही.

गिरिजाबाई गुरुवारी मठात जातात. तिथे ओळखीच्या बायका विचारतात, तुंगाचं झालं का, डॉक्टर झाली का. गिरिजाबाई म्हणतात, "चाललंय तिचं. काचेचं काम, वेळ लागतो." तुंगा त्यांची चप्पल शोधत शेजारीच उभी असते. तिला ऐकू जातं. ती आईला हात देऊन पायरी उतरवते.